टोरांटोची जुनी डिस्टिलरी, तिथला नाताळ बाजार आणि कोथरूडचा एक निवृत्त डिस्टिलरीवाला

आधी निकाल सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. डिसेंबरात टोरांटोला मुलांकडे असाल तर डिस्टिलरी डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे एका जुन्या दारूच्या कारखान्याच्या आवारात, भरणारा नाताळ बाजार बघाच, पण बाजारासाठी म्हणून जाऊ नका, इमारतींसाठी जा. मंगळवार-बुधवार असा आडवार धरा, दुपारी तीनला पोहोचा, साडेचार-पावणेपाचला अंधार पडून दिवे लागतात ते बघा आणि ऑफिसं सुटून लोंढा आत शिरायच्या आधी बाहेर पडा. शनिवारी संध्याकाळी कोणी नेतो म्हणालं तर गुडघा दुखतोय म्हणून सांगा. आमच्या वयाला ते खोटंही ठरत नाही.

आता हे सांगणारा मी कोण? राहायला कोथरूडला. नोकरी मात्र सगळी सहकारी साखर कारखान्यात गेली आणि त्यातली बरीचशी कारखान्याच्या डिस्टिलरीत. मळी (साखर काढल्यावर उरणारा काळा, चिकट पाक), ती आंबवायचे फर्मेंटर, आंबवलेला वॉश, तो तापवून त्यातली दारू वेगळी करणारा उंच कॉलम, स्पिरिट आणि ज्याचं काय करायचं हा प्रश्न कधीच संपत नाही तो स्पेंट वॉश, म्हणजे दारू काढून उरलेलं सांडपाणी, एवढंच माझं जग. त्यामुळे मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हाला डिस्टिलरी बघायला नेते," तेव्हा तिची आई पटकन म्हणाली, "अगं, इतक्या लांब येऊन पुन्हा तेच?" तिला बाजाराचं आमिष दाखवावं लागलं.

मुलगी टोरांटोशेजारच्या मिसिसागाला राहते. जावयांचा आग्रह गाडी काढायचा होता, पण तिथल्या पार्किंगचे दर ऐकून मीच ट्रेनचा मुद्दा लावून धरला. युनियन स्टेशनला उतरून किंग स्ट्रीटवर आलं की ५०४ ए नंबरची ट्राम मिळते, तिचा शेवटचा थांबाच डिस्टिलरी. प्रेस्टो कार्ड, म्हणजे तिथलं प्रवासाचं कार्ड, एकदा टेकवलं की दोन तास शहरातल्या कुठल्याही बस-ट्राममध्ये तेच चालतं. ही सोय मला बाजारापेक्षा जास्त आवडली, असं घरी बोललो तर आवडलं नाही कुणाला.

डिस्टिलरीची पहिली ओळख नाकाला होते. आमच्या कारखान्याची हद्द लागली हे एसटीत झोपलेल्या माणसालाही कळायचं. इथे उतरलो तर वास दालचिनीचा आणि तळणीचा. १९९० साली इथला शेवटचा स्पिरिट निघाला, त्यामुळे दुसरं काही अपेक्षित नव्हतं. पण विटांच्या त्या भिंती, ती लांबलचक गोदामं, वरून एका इमारतीतून दुसरीत गेलेला पूल आणि त्यावर मोठ्या अक्षरांत 'गुडरहॅम अँड वर्ट्स' हे नाव बघून क्षणभर वाटलं की शिफ्टचा भोंगा होईल.

या जागेची गोष्ट १८३२ च्या सुमारास सुरू होते. जेम्स वर्ट्स इंग्लंडहून आला आणि ओंटारियो सरोवराच्या काठी त्याने पवनचक्कीवर चालणारी पिठाची गिरणी काढली. त्याचा मेहुणा विल्यम गुडरहॅम मागोमाग आला. दोनच वर्षांत वर्ट्सची बायको बाळंतपणात गेली आणि त्या दुःखात त्याने गिरणीच्याच विहिरीत जीव दिला. धंदा मेहुण्याने पुढे नेला. १८३७ पासून शेतकऱ्यांकडून आलेल्या धान्यातून दारू गाळायला सुरुवात झाली. पीठ विकून जे मिळत नाही ते दारूत मिळतं, हे गणित आपल्याकडच्या साखर संचालकांना कुणी समजावून सांगायला नको. साखरेचे भाव पडले की डिस्टिलरीच कारखाना तारते. वर्ट्सचा मुलगा पुढे भागीदार झाला आणि कंपनीला दोन्ही घराण्यांची नावं लागली.

तेव्हा सरोवराचं पाणी अगदी जवळ होतं. आता मध्ये भराव, रूळ, हायवे आणि काचेचे टॉवर आले आहेत, त्यामुळे कारखाना इथेच का बांधला हे उभ्या जागी कळत नाही. जावयांनी मोबाइलवर जुना नकाशा काढून दाखवला तेव्हा कळलं. माल बोटीने यायचा. मुख्य दगडी इमारत १८५९ साली बांधायला घेतली, तिचा चुनखडीचा दगडही किंग्स्टनहून सरोवरातून आला. आवारातल्या बाकीच्या बहुतेक इमारती लाल विटांच्या. ही एकटी करडी, पाच मजली, जाडजूड. बाजारातल्या दिव्यांच्या माळांकडे बघत लोक तिच्यासमोरून जातात आणि तिच्याकडे बघत नाहीत.

मी बघितली. १८६९ मध्ये तिला आग लागली होती. आतलं लाकूडकाम सगळं गेलं, दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्याच आत पुन्हा नवी डिस्टिलरी बसवली. डिस्टिलरीची आग म्हणजे काय, हे ज्याने स्पिरिटच्या टाकीजवळ ड्यूटी केली आहे त्याला विचारा. आमच्याकडे आवारात काडेपेटी नेली तर गेटवरच काढून घ्यायचे. आणि इथे त्याच भिंतीला टेकून एक जण उघड्या ज्वाळेवर सॉसेज भाजत होता. मला उगाचच त्याला हटकावंसं वाटलं.

आता आकडा. १८७० च्या आसपास इथून वर्षाला वीस लाख गॅलनांहून जास्त माल निघायचा, आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या डिस्टिलऱ्यांत हिची गणना होती. इंग्लिश गॅलन साडेचार लिटरचा धरा, म्हणजे साधारण ९० लाख लिटर. आपल्या भागातली रोजची ३० हजार लिटरची डिस्टिलरी वर्षात तीनशे दिवस चालली तर बरोबर तेवढंच उत्पादन होतं. स्पिरिटच्या ताकदीतला फरक सोडून द्या, पण दीडशे वर्षांपूर्वी, वाफेच्या इंजिनावर, एवढा माल! मी हा हिशोब जावयांना सांगितला. ते आयटीतले, "ओह, नाइस" म्हणाले.

स्पेंट वॉशचं इथे काय करत असतील, हा माझा पहिला प्रश्न होता, कारण आयुष्यभर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नोटिसा त्याच विषयावर वाचल्या. उत्तर आवडलं आणि नाहीही आवडलं. धान्याचा उरलेला चोथा ते गुरांना घालायचे. डॉन नदीच्या पलीकडे कंपनीचे गोठे होते, हजारो जनावरं त्यावर पोसली जायची. वरवर पाहता उत्तम योजना. पण त्या हजारो जनावरांचं शेण आणि मूत्र जायचं जवळच्या खाडीत आणि आसपासच्या वस्त्यांनी वासाविरुद्ध वर्षानुवर्षं ओरड केली. म्हणजे मळी असो की मका, एकोणिसावं शतक असो की विसावं, डिस्टिलरीच्या शेजाऱ्याचं नशीब तेच.

पहिल्या महायुद्धात ही जागा दारू सोडून अ‍ॅसिटोन बनवत होती. अ‍ॅसिटोन लागायचं कॉर्डाइटला, म्हणजे तोफा-बंदुकांच्या धूर न करणाऱ्या दारूला. एक दारू बंद झाली आणि दुसरीसाठी काम सुरू झालं. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ज्यांच्या घरातलं कोणी कामाला होतं, त्यांनी ही गोष्ट जरूर त्यांना सांगावी. तोही कारखाना १८६९ चाच, इथल्या आगीच्या सालचा. पुढे १९१६ ते १९२७ ओंटारियोत दारूबंदी होती, मालक बदलले, १९२० च्या दशकात कंपनी हायरम वॉकर या दुसऱ्या दारू कंपनीत मिसळली. आणि शेवटची काही दशकं इथे बनायची ती रम. रम म्हणजे मळी! हे वाचलं तेव्हा मी हिला हाक मारून फलक दाखवला. ती तोवर एका स्टॉलवर लोकरीच्या टोप्या बघत होती, तिथूनच "हो का, छान" म्हणाली. घरातून एकूण प्रतिसाद हा असा.

१९८८ मध्ये कॅनडा सरकारने ही जागा राष्ट्रीय वारसास्थळ ठरवली. दोन वर्षांत उत्पादन थांबलं. मग बरीच वर्षं सिनेमावाले शूटिंगला वापरत राहिले, कारण जुन्या काळातला रस्ता हवा असेल तर इथे फक्त कॅमेरा लावायचा. २००१ मध्ये एका बांधकाम कंपनीने आवार विकत घेतलं, डागडुजी केली आणि २००३ मध्ये लोकांसाठी उघडलं. तेरा एकरांत चाळीसहून जास्त जुन्या इमारती. मालकांनी सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवली की साखळी दुकानांना इथे जागा द्यायची नाही. भाडं जास्त देणारे तेच असतात, तरी त्यांना नाही म्हणायचं, हे सोपं नसतं. त्यामुळे जगातल्या प्रत्येक मॉलमध्ये दिसणाऱ्या पाट्या इथे दिसत नाहीत. चॉकलेटवाला स्वतः कोकोच्या बिया भाजतो, साकेवाला तांदळापासून साके ही जपानी दारू इथेच बनवतो, पंप हाउसमध्ये कॉफी मिळते. आणि इमारतींची जुनी नावं तशीच ठेवली आहेत – रॅक हाउस, टँक हाउस, बॉयलर हाउस, कॅनरी. गल्ल्यांची नावंही त्यातूनच. 'टँक हाउस लेन'मध्ये उभं राहून मला जे बरं वाटलं ते बाजारात कुठेच वाटलं नाही.

बाजाराचं थोडक्यात आटपतो. २०१० पासून भरतो. आधी सरळ ख्रिसमस मार्केट म्हणायचे, आता विंटर व्हिलेज म्हणतात. मूळ कल्पना जर्मनीची. ड्रेस्डेनचा असा बाजार १४३४ पासून भरतो म्हणे, म्हणजे आपल्याकडे बहामनी सुलतान होते तेव्हापासून. लाकडी खोपटी, मध्ये जवळजवळ पन्नास फुटी खरं सूचिपर्णी झाड, त्यावर हजारो दिवे, कोपऱ्यावर गाणारी मुलंमुली. झाड खरोखर देखणं आहे. त्याखाली फोटो काढायला रांग लागते आणि रांगेत प्रत्येक जण पुढच्याला "अहो, आटपा" असं मनात म्हणत हसत उभा असतो.

खोपट्यांमध्ये झाडाला टांगायचे गोळे, मेणबत्त्या, साबण, टोप्या, चीज, लाकडी खेळणी. मी प्रत्येक स्टॉलवर एकच प्रश्न विचारत गेलो, "हे तुम्ही स्वतः करता का?" मुलगी लाजून चार पावलं मागे. पण हा प्रश्न फार कामाचा आहे. जो करतो तो खुलतो. लाकूडकाम करणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला मेपल आणि चेरी या लाकडांतला फरक हातात देऊन समजावला, वजन करायला लावलं, वर्षातला कुठला महिना लेथवर जातो ते सांगितलं. जो आणून विकतो तो मोबाइलकडे बघत "येस, हँडमेड" म्हणतो. कुणाच्या हाताने, हे सांगत नाही. आपल्या भीमथडी जत्रेत पापड लाटणारी बाई स्वतः समोर बसलेली असते, तिला विचारलं तर पापडखार कुठला वापरते तेही सांगते. इथे तसे स्टॉल शोधावे लागतात. शोधले तर आहेत.

आणि मेपल टॅफी. यावर मात्र मी थांबणार, कारण हा माझा विषय.

एका लाकडी पन्हळीत स्वच्छ बर्फ दाबून भरलेला. बाजूला पातेल्यात मेपलच्या झाडातल्या रसाचा पाक. एक मुलगी थर्मामीटर बघत होती. मी विचारलं किती, म्हणाली २३५. फॅरनहाइट. म्हणजे ११३ सेल्सियस, आपला गोळीबंद पाक. तिने पळीने बर्फावर वीतभर लांबीची धार सोडली, पाच-सहा सेकंद थांबली, मग एका टोकाला काडी ठेवली आणि "रोल इट" म्हणाली. नातीने गुंडाळली. पाक बाहेरून घट्ट झालेला, आतून अजून लवचीक, तार सुटत नव्हती, साखरेचा एक दाणा फुटलेला नव्हता. गुऱ्हाळावर काहिलीतून काढलेली गरम काकवी खाल्ली असेल तर त्याच घराण्यातली चव, फक्त मागे किंचित लाकडाचा, धुराचा वास.

मी तिला रसाचं विचारलं. झाडातून येतो त्या रसात साखर दोनच टक्के असते. चाळीस लिटर आटवायचा तेव्हा एक लिटर सिरप. दोन ब्रिक्सचा (ब्रिक्स म्हणजे ढोबळमानाने साखरेची टक्केवारी) रस आमच्या मिलमधून आला असता तर मी ऊस उतरतो त्या केन यार्डला फोन लावून विचारलं असतं की ऊस टाकताय की बोरू? आपला उसाचा रस अठरा-वीस ब्रिक्सचा असतो आणि तरी आम्ही जळणाला बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, पुरत नाही म्हणून रडायचो. हे लोक दोन ब्रिक्सपासून सहासष्ट ब्रिक्सपर्यंत नेतात. त्या सिरपच्या बाटलीची किंमत ऐकून पुणेकर म्हणून जो धक्का बसला, तो साखर कारखान्याचा माणूस म्हणून मी मागे घेतला. इंधनाचा खर्च बघा ना.

नात दुसरी मागत होती. "आबा, वन मोअर!" घेऊन दिली. डॉलरचे रुपये करायला साठनं गुणलं नाही.

बाकी ठिकाणी गुणलं. मुलीने बंदी घातली आहे, तरी डोक्यात आपोआप होतं. लक्षात ठेवा, पाटीवर लिहिलेल्या किमतीत कर नसतो. १३ टक्के वर लागतो. मग कार्ड टेकवायच्या आधी यंत्र टिपचे तीन पर्याय दाखवतं. उभ्या उभ्या कागदी कपात दिलेल्या कॉफीवर टिप का, हा प्रश्न मी काउंटरवर विचारणार होतो, मुलीने कोपर मारलं.

शाकाहारी मंडळींसाठी. पुटिन म्हणजे बटाट्याचे तळलेले काप, त्यावर चीजचे गोळे आणि वरून गरम ग्रेव्ही. ती ग्रेव्ही बहुतेक वेळा गोमांसाच्या किंवा कोंबडीच्या रश्शाची असते. भाज्यांची ग्रेव्ही काही स्टॉलवर मिळते, पण स्पष्ट विचारा. 'व्हेज' म्हटलं की वरचे मांसाचे तुकडे काढून तीच ग्रेव्ही घालून देणारेही असतात. हिने एका स्टॉलवर तीनदा विचारून खात्री केली आणि मग घेतलं. कुरकुरीत काप तीन मिनिटांत थंडीने मऊ पडतात, तेव्हा गप्पा नंतर. गरम चुरोज चांगले, भाजलेले चेस्टनट मला फिके वाटले. शेंगदाण्याला तोड नाही.

मसाला घातलेली गरम वाईन हे या बाजारांचं मुख्य आकर्षण समजतात. मी घेतो, त्यामुळे अधिकाराने बोलतो. एका स्टॉलवर घेतली, त्यांनी भांडं सरळ खळखळ उकळत ठेवलेलं. उकळलं की त्यातून आधी काय उडतं? आमच्या कॉलमचा सगळा धंदाच त्यावर चालायचा. कपात जे आलं ते लवंग-दालचिनीचं आंबट सरबत होतं, पैसे मात्र वाईनचे घेतले. दुसऱ्या खोपट्यात भांड्यातून नुसती वाफ येत होती, उकळी नव्हती. तिथली घेतली तेव्हा कान गरम झाले. तुम्ही घेणार असाल तर आधी भांड्यात डोकावा.

तिकिटाचं असं आहे की आडवारी दुपारी फुकट आत जाता येतं. गर्दीच्या वेळी, म्हणजे संध्याकाळी चारनंतर, विशेषतः शुक्रवार ते रविवार, पैसे पडतात आणि वेळ आधी ऑनलाइन ठरवावी लागते. नियम दरवर्षी थोडे बदलतात, जायच्या आधी मुलांना बघायला सांगा. आम्ही दुपारी गेलो होतो तेव्हा विटांच्या रस्त्यावर आरामात चालता आलं. नंतर जावयांच्या मित्रमंडळींबरोबर एका शनिवारी रात्री गेलो. लक्ष्मी रोडला गणपतीच्या विसर्जन मिरवणुकीत सापडलेल्या माणसाला जे होतं तेच, फक्त अंगावर चार थर कपडे आणि ढोल नाहीत. दगडी इमारत दिसलीच नाही, समोरच्याची टोपी दिसली. त्या रात्री मी इथे पहिल्यांदा आलो असतो तर हे परीक्षण चार ओळींचं झालं असतं.

थंडी: उणे सहा-सात होतं. आत थर्मल, पायात पकड असलेले बूट, कान झाकणारी टोपी. विटा ओल्या असल्या की घसरतं. रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने बुटांवर पांढरे डाग पडतात ते ओल्या फडक्याने लगेच पुसा. मोबाइलची बॅटरी थंडीत धडाधड उतरते, आतल्या खिशात ठेवा. आणि आल्या आल्या स्वच्छतागृह कुठे आहे ते बघून ठेवा, मग इतिहास.

आता टेकडीवरच्या मंडळींचा प्रश्न. परत आल्यावर सकाळी वेताळ टेकडीवर हे सगळं सांगितलं तर एक जण म्हणाले, "मग आपल्या राजा बहादूर मिलचं वेगळं काय झालंय?" प्रश्न रास्त आहे. स्टेशनजवळच्या त्या गिरणीच्या आवारात आता हॉटेलं, पब आहेत, भाच्याने नेलं होतं, जेवण झकास होतं. पाडून टॉवर उभा करण्यापेक्षा हे शंभर पट बरं. पण मला टोरांटोत जे भावलं ते असं, की तिथे कुठेही उभे राहिलात तरी इथे काय होत होतं हे कळतं. एका ठिकाणी जुन्या चक्कीचा दगड ठेवला आहे. काही यंत्रं होती तिथेच आहेत, लोखंडावर रंग देऊन नवीन केलेली नाहीत. पोरं त्यावर हात फिरवतात. खाणंपिणं, खरेदी सगळं आहेच, पण कारखाना पुसून नाही टाकला.

आमच्या कारखान्याचं सांगतो. नाव नको. जुना तांब्याचा कॉलम काढला तेव्हा लिलाव झाला, तांबं किलोवर गेलं. कॉलमच्या आतल्या तबकड्या, म्हणजे प्लेट्स, त्यांच्यावरच्या वाफ अडवणाऱ्या टोप्या, म्हणजे बबल कॅप, सगळं ट्रकमध्ये. मी एक बबल कॅप मागितली होती, आठवण म्हणून. स्टोअरकीपर म्हणाला, "साहेब, वजनात कमी भरेल." त्याचंही बरोबर होतं, सही त्याची होती.

म्हणून सगळ्यात शेवटी कुठे जावं ते सांगतो. आवारात 'स्पिरिट ऑफ यॉर्क' नावाची नवी छोटी डिस्टिलरी आहे, जिन आणि व्होडका बनवते. दुकानातून काचेपलीकडे तिचे उंच, चकचकीत कॉलम दिसतात. लोक बाटली घेतात, काचेसमोर सेल्फी काढतात आणि जातात. मी काचेला नाक लावून प्लेट्स मोजत होतो. आतला एक दाढीवाला तरुण बाहेर आला, त्याला वाटलं काही हवंय. मी विचारलं, रिफ्लक्स किती ठेवता, म्हणजे वर थंड झालेल्या मालातला किती परत कॉलममध्ये सोडता? तो हसला आणि मग आम्ही दोघं उभ्याने बराच वेळ बोलत होतो. तो धान्याचं सांगत होता, मी मळीचं. सुरुवातीचा माल कापायचा कधी, शेवटचा सोडायचा कुठे, हे तो नाकाने ठरवतो म्हणाला. आमच्याकडेही मीटर होते, लॅब होती, आणि जुने ऑपरेटर नाकानेच ठरवायचे. मी त्याला सरकारी कुलपाचं सांगितलं, गोदामाला दोन कुलुपं, एक कारखान्याचं, एक उत्पादन शुल्क खात्याचं, आणि इन्स्पेक्टरसाहेब आल्याशिवाय थेंब हलायचा नाही. तो म्हणाला, कागदपत्रं इथेही तेवढीच आहेत. जिनची बाटली घेतली. महाग होती, घेतली. हिने त्या दिवशी पहिल्यांदाच किंमत विचारली नाही.

मुलं कंटाळली आणि वेळ उरला असेल तर सेंट लॉरेन्स मार्केट पश्चिमेला पंधरा मिनिटं चालत आहे. जुना, पक्क्या छताचा बाजार, सोमवारी बंद असतो. तिथे चीजच्या दुकानांत चाखायला मागा. मागितलं तर देतात, आणि दोन-तीन प्रकार चाखून काही न घेता निघालात तरी तोंड वाकडं करत नाहीत. मी करून पाहिलंय.